एकशे एकवीस ग्रॅम

मिर्फ्यात पाणी समुद्राचं,
पडद्यांतून दाबून काढलेलं, इतकं कोरं
की आम्हीच त्याला थोडी चुनखडी चाखवतो
आणि मग शहराकडे पाठवतो.
माझं काम: दर दोन तासांनी बाटली भरायची,
वाहकता मोजायची, वहीत आकडा लिहायचा.

कुंपणापलीकडे सबखा.
वरचा पापुद्रा टणक दिसतो, खाली चिखल.
नवा माणूस पहिल्या महिन्यात एकदा तरी गाडीसकट रुततो.
मी रुतले नाही.
उरणच्या आगरात चालायला शिकले,
मिठाखाली काय असतं ते तळपायाला ठाऊक.

रात्री तीनला नबील चहा घेऊन आला,
फोन पुढे केला. म्हणाला, बघ, आमचा पक्षी.
बेन्नू हे त्यांच्याकडचं जुनं नाव,
आता एका काळ्या, खडबडीत लघुग्रहाचं.
यान तिथवर गेलं, चिमूटभर उचललं,
डबा छत्रीला लटकून वाळवंटात उतरला.
पस्तीसपैकी दोन स्क्रू अडले,
नवं हत्यार घडवेपर्यंत कितीतरी महिने
झाकण पुरतं निघेना.
इथे आम्ही दोघंही हसलो.
पंप नंबर चारची गोष्ट वेगळी नाही.

आत एकशे एकवीस ग्रॅम.
आमच्या घरी आठवड्याला एवढं मीठ लागायचं.

आणि त्यात मीठच निघालं.
साडेचार अब्ज वर्षांपूर्वी कुठल्याशा मोठ्या गोळ्याच्या पोटात
खारं पाणी साचलं होतं, हळूहळू आटलं,
आणि एकेक क्षार आपापल्या पाळीनं खाली बसला.
पाळी! वाचताना मी उभीच राहिले.
कोंडीत आधी बसतो तो चिरोडीचा थर,
मग मीठ,
शेवटी उरतं ते कडू पाणी,
बापूस फळीनं बांधाबाहेर लोटायचा.
ना खाता येतं, ना फेकून विसरता येतं.

मग आधी का नाही दिसलं कुणाला?
उल्का तर पडतच असतात.
कारण मीठ पाण्याला हाक मारतं.
पडलेल्या दगडाला आपली दमट हवा लागली
की त्यातलं मीठ पाझरून जातं,
आषाढातल्या बरणीसारखं.
म्हणून या धुळीला त्यांनी कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवलं.
बरणीत तांदूळ टाकायचे, तीच अक्कल, महाग काचेत.

अजून पुढे: जिवाला लागणारे रेणू,
डाव्या हाताचे जितके, उजव्या हाताचे तितकेच.
आपल्या अंगात मात्र जवळजवळ सगळे डावे.
कुणी निवडलं, का, माहीत नाही.
नंतर म्हणे साखरही सापडली.
मीठ झालं, साखर झाली,
पाहुणा तेवढा आला नाही.

साडेतीनला बापूसला फोन लावला.
तिकडे पाच वाजलेले. तो जागाच असतो,
भरतीची वेळ बघायची सवय,
आगर बंदराच्या रस्त्याखाली गेलं तरी.
मी सांगत गेले. तो ऐकत गेला.
मग विचारलं,
“कोनाचा आगर व्हता त्यो?”

कुणाचाच नाही, बापूस. माणूसच नव्हता.

“मंग पानी कय गेला?”

गोळा फुटला म्हणतात. कशावर तरी आदळून.
तुकडे तुकडे झाले, त्यातला हा एक.

बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
“बांद फुटला आसंल,” तो म्हणाला.
“रास लागाच्या आदी.”
आणि गावातल्या कुणाच्या तरी म्हशीबद्दल सांगू लागला.

पाच वाजता बाटली भरली.
वाहकता ठीक. आकडा लिहिला.
उजेड होताना सबखा आधी राखाडी दिसते,
मग क्षणभर गुलाबी,
मग पुन्हा नुसतं मीठ.
बुटाच्या कडेवर पांढरी रेघ उठली होती.
नखानं खरवडली
आणि कुणी बघत नाही असं पाहून
जिभेला लावली.